निळी नखं

सरांच्या निरोप समारंभाला प्रमुख पाहुणा मी ठरवला. तो चुकीचा माणूस होता.

आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा हौसेने केल्या. शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवताना मी अंबरनाथ थेट समुद्रात नेऊन ठेवलं होतं. मुख्याध्यापकांनी ते सगळ्यांसमोर दाखवल्यावर मी शेजारी एक होडी काढली आणि वेळ मारून नेली. स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरचा माझा मोर पालक दरवर्षी कोंबडा समजायचे, आणि तिसऱ्या वर्षापासून मीही समजू लागलो. पण त्या समारंभाच्या चुकीत होडी काढायला जागा नव्हती.

सर गणित शिकवायचे. शाळा अंबरनाथची, मराठी माध्यमाची, पत्र्याच्या छपराची. ऐंशीच्या आसपास मी तिथे चित्रकला शिकवायला लागलो तेव्हा सर तिथे जुने झाले होते. राहायला बुवापाड्यात. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हात दाखवा." मला वाटलं, ज्योतिषाचा नाद असेल. मी दोन्ही तळहात पुढे केले आणि लग्नाचं कधी आहे तेवढं बघा म्हणालो. सरांनी माझे हात उलटे केले आणि नखं पाहिली. सकाळीच मी फळ्यावर स्वागताचं चित्र रंगवलं होतं, नखं निळी होती.

"कुठल्या कारखान्यात जाता?" सरांनी विचारलं.

मी म्हणालो, कुठल्याच नाही, रंगाचा डबा सांडला. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या दिवसापासून मला 'रंगारी' म्हणायला लागले. माझं खरं नाव त्यांनी पुढे कधी घेतल्याचं आठवत नाही.

ही नखांची भानगड मला महिनाभराने कळली. आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर उल्हासनगरचा कॅम्प पाच. तिथल्या गल्ल्यांमध्ये जीन्सचे कारखाने निघत होते. कारखाना म्हणजे काय, तर एक खोली, दहा-वीस मशीन आणि एक टेपरेकॉर्डर. कच्च्या जीन्सच्या कापडाचा निळा रंग हाताला लागतो आणि नखांत जाऊन बसतो. साबणाने जात नाही. पोरगं आधी शनिवारी जायचं, मग अर्धा दिवस, मग नखं निळी व्हायची आणि मग एक दिवस बाक रिकामं. बाकीचे मास्तर नखांत मळ बघायचे, सर निळा रंग बघायचे. पोरगं शाळा सोडणार, हे त्याच्या बापाआधी सरांना कळायचं.

कळलं की सर निघायचे. शाळा सुटल्यावर त्यांची सायकल बाहेर यायची. या सायकलवर त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. ते ती ढकलत न्यायचे. सरांना सायकल चालवता येत नाही अशी मुलांची खात्री होती, आणि मीही एकदा त्यांना शिकवायची तयारी दाखवून बसलो होतो. ते म्हणाले, "रंगारी, सायकलवरून खिडकीतलं दिसत नाही." मागच्या कॅरियरला गुंडाळफळा बांधलेला असायचा, म्हणजे ते काळं मेणकापड, जे खिळ्याला अडकवलं की फळा होतो. शर्टाच्या खिशात खडू. सरांचा प्रत्येक शर्ट खिशापाशी पांढरा होता.

पोरगं ज्या कारखान्यात असेल त्याच्या खिडकीच्या गजांना सर तो फळा अडकवायचे आणि बाहेरून शिकवायला सुरुवात करायचे. रागावणं नाही, समजावणं नाही, शाळेत चल म्हणणंसुद्धा नाही. सुरुवात ठरलेली: "आलोच आहे तर एक उदाहरण करून जाऊ." मग मोठ्याने उदाहरण सांगायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. आत मशीन खडखडत असायची. पोरगं मान वर करायचं नाही. रस्त्यावर माणसं जमायची. कुणी म्हणायचं वेडा आहे, कुणी म्हणायचं वसुलीवाला आहे.

एकदा मी बरोबर होतो. हौसेने गेलो होतो, आणि गटाराच्या लादीवरून घसरून एक पाय पोटरीपर्यंत निळ्या पाण्यात घालून उभा होतो. सर खिडकीशी. उदाहरण असं, की बारा मीटर कापड आहे, एका पँटला सव्वा मीटर लागतं, तर किती पँटी होतील. शेवटी आतून शेठच ओरडला. म्हातारा सिंधी शेठ, स्वभावाने गोड माणूस. "मास्तर साईं, नौ बनेगी. और बचे हुए में एक बच्चे की."

सर एकदम खूश झाले. पोराला म्हणाले, "बघ. शेठला येतं. म्हणून तो खुर्चीवर बसलाय."

पोराने पहिल्यांदा मान वर केली. "सर, शेठ चौथी नापास हाय."

सगळा कारखाना हसला. शेठ सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याने सरांना आत बोलावून चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी ती खिडकी पत्रा ठोकून बंद केली. सर मागच्या बाजूने, मोरीच्या खिडकीशी उभे राहायला लागले.

अशी किती मुलं परत आली, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, फळा फार मळलाय, धुवायला पाहिजे.

चिखलोलीला एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. हा विद्यार्थी आठवीतून गेलेला. आहेर द्यायला आम्ही स्टेजवर चढलो. नवरदेव वाकून पाया पडला. व्हिडिओवाल्याने दिवा आमच्यावर धरला. सर म्हणाले, "आलोच आहे तर…" मी त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. त्यांनी तेराचा पाढा विचारला. नवरदेव मुंडावळ्या सावरत तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत आला आणि अडला. शेजारून नवरीने खाली मान घालूनच सांगितलं, "एक्क्याण्णव."

सर नवरीकडे वळले. कितवीपर्यंत शिकलीस? सातवी. का सोडलीस? सरांनी पुन्हा विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, व्हिडिओवाल्याने ते पाठवणीचं समजून अगदी जवळून टिपलं, आणि नवरीचा बाप स्टेजवर चढला. आम्ही न जेवता निघालो. पंगतीत जिलबी होती. वाटेत सर एकदाच बोलले: "सातवीत तेराचा पाढा येत होता तिला, रंगारी. आणि नेऊन बसवली चुलीपाशी."

त्यांचं हे असं का, ते वहिनींनी मला सांगितलं. वहिनी म्हणजे सरांची बायको. मोजकं बोलणारी बाई, आणि माझ्याशी बोलताना तर फारच मोजकं. सरांची एक थोरली बहीण होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघांपैकी एकाने घरी राहायला हवं होतं. बहीण राहिली. चौथीत होती. सरांना पाढे तिनेच शिकवले होते. पुढे छप्पन साली बापलेकांनी दीक्षा घेतली. काडेपेटीच्या कारखान्यातून घरी येऊन बापाने सांगितलं की यापुढे आपल्या घरातलं कुणी शाळा सोडून घरी बसायचं नाही. तोवर बहीण दोन पोरांची आई झाली होती. भाकरी थापता थापता तिने ऐकलं आणि बरं म्हणाली.

सर हे कधी बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर त्यांनी मला अपूर्णांकांची चित्रं काढून द्यायला सांगितली. भाकरीचे चार भाग. मी अज्ञानाने भाकरीला चांगला भाजल्याचा रंगही दिला. त्यांनी तो तक्ता वर्गात कधी लावला नाही.

सरांचं निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा नववीत संगीता होती. गणितात अशी मुलगी सरांना अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती, असं ते म्हणायचे. उदाहरण फळ्यावर पूर्ण लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. दहावी होऊ दे, मग तिला कुणी थांबवू शकणार नाही, असा त्यांचा हिशोब. निवृत्त झाल्यावरही वर्षभर रोज येऊन तिला शिकवीन, असं त्यांनी मुख्याध्यापकांकडून कबूलसुद्धा करून घेतलं होतं.

फेब्रुवारीत तिची नखं निळी झाली.

तिच्या बापाच्या कंपनीला टाळं लागलं होतं. आई घरी जीन्सचे धागे कापायला आणायची. शिलाई झाल्यावर जागोजागी जे धागे लोंबतात, ते कात्रीने कापायचे, एवढंच काम. आई आजारी पडली म्हणून पोरगी कारखान्यातच बसायला लागली. सर तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "सर, तुमी म्हणता ते खरंय. पण ती उठली तर तिच्या जागी कोण बसवू, ते तुमीच सांगा." सरांना ते सांगता आलं नाही. तोच हिशोब त्यांच्या घरात एकदा मांडून झालेला होता.

मग ते फळा घेऊन कारखान्यावर गेले. हा कारखाना दिलीपचा. दिलीप सरांचाच विद्यार्थी, मी शाळेत यायच्या आधी सातवीतून पळालेला. त्याच्या खिडकीशी सर एक अख्खा पावसाळा उभे राहिले होते. आता तो दिलीपशेठ होता. चाळीस मशीन, दोन मजले. मी बरोबर होतो, या वेळी गटार सांभाळून. सरांनी गजाला फळा अडकवायला हात वर केला, तेवढ्यात दिलीप धावत बाहेर आला. रस्त्यात पाया पडला. त्यांना आत नेलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. टेपरेकॉर्डर बंद केला. मशीनी थांबल्या. चाळीस कारागीर उठून उभे राहिले. कोपऱ्यात धाग्यांच्या ढिगाशी संगीताही उभी राहिली. थंड पेयाची बाटली आली.

सर त्या खुर्चीत अवघडून बसून राहिले. त्या शांततेत त्यांना बोलता येईना. एवढी वर्षं ते खडखडाटावर आवाज चढवून शिकवत आले होते. त्यांना कुणी हाकललं असतं तर ते मोरीच्या खिडकीशी गेले असते. पण आदराला मोरीची खिडकी नसते. बाटली संपवून ते उठले, संगीताकडे एकदा पाहिलं आणि बाहेर आले. फळा गुंडाळलेलाच राहिला.

इथे मला कल्पना सुचली. माझ्या कल्पनांबद्दल मी आधी सांगितलंच आहे.

निरोप समारंभाची जबाबदारी माझ्याकडे होती, कारण कमानीवर थर्माकोलची अक्षरं मीच कापायचो. मी ठरवलं की प्रमुख पाहुणा दिलीपशेठ. भर सभेत, सरांच्या डोळ्यांसमोर, तो संगीताला शाळेत परत पाठवल्याचं जाहीर करील. सरांना याहून मोठी शाल कोणती? मी त्याच्याकडे गेलो. तो भारावला. म्हणाला, मी काय बोलू, मला भाषण येत नाही. मी म्हणालो, भाषण नको, काहीतरी जाहीर करा. काय करू? म्हटलं, सरांचा जीव कशात आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे का? आपल्या शाळेतल्या गरीब पोरांसाठी काहीतरी करा. संगीताचं नाव मी घेतलं नाही. मला वाटलं, त्याला आपोआप सुचलं तर ते जास्त शोभेल. आपल्याला जे दिसतं ते समोरच्यालाही दिसतं, अशी माझी समजूत. चित्रकलेच्या शिक्षकाची तरी अशी समजूत असू नये. कोंबडा मी उगाच काढला नव्हता.

समारंभाला शाळेचं पटांगण भरलं. सरांचं नाव होतं, म्हणून पालकही आले. संगीता आईबरोबर पुढे बसली होती. दिलीप उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदाच सुंदर भाषण केलं. तो म्हणाला, सर माझ्या खिडकीशी चार महिने उभे होते. मी मान वर केली नाही, पण कान उघडे होते. शेकडेवारी मी मशीनवर बसून शिकलो. म्हणून माझ्या कटिंगमध्ये कापड वाया जात नाही, म्हणून आज चाळीस मशीन आहेत. टाळ्या पडल्या. मी सरांकडे पाहिलं. ते मन लावून ऐकत होते. घोषणेला अजून वेळ होता.

"तर सरांना गुरुदक्षिणा," दिलीप म्हणाला. "या शाळेतल्या कुठल्याही गरजू पोराला, पोरीला, माझ्याकडे उद्यापासून काम. ओळख नको, वशिला नको. सरांचा विद्यार्थी म्हटलं की बस. आणि पहिला मान संगीताला. आजपासून ती धागे कापणार नाही. तिला मी मशीनवर बसवतो."

अशा टाळ्या त्या पटांगणात कधी पडल्या नव्हत्या. संगीताची आई रडायला लागली, आनंदाने. संगीताने काही केलं नाही. दिलीपचेही डोळे भरले होते. मला आजही त्या माणसाचा राग येत नाही. त्याच्याजवळ जे सगळ्यांत मोठं होतं, ते त्याने दिलं.

सर उत्तर द्यायला उठले. माइकपाशी गेले, मग माइक सोडून खाली उतरले आणि मुलांच्या रांगेशी जाऊन म्हणाले, "हात दाखवा."

मुलांनी हात पुढे केले. सर वाकून एकेकाची नखं बघत चालले, पहिली रांग, दुसरी रांग. पालक कौतुकाने हसत होते. शेवटच्या दिवशीसुद्धा सरांची सवय सुटत नाही, असं माझ्या शेजारी मुख्याध्यापक म्हणाले. रांगा संपल्यावर सर मागच्या दाराने बाहेर पडले. शाल खुर्चीवर राहिली. पालक तोवर दिलीपभोवती जमले होते.

जूनमध्ये आठवीची एक तुकडी बंद झाली, पुढच्या वर्षी नववीची. पट कमी झाला की मास्तरही जास्त होतात, आणि सगळ्यांत आधी चित्रकलेचा. मला बदलापूरच्या शाळेत पाठवलं. तिथे इमारती उठत होत्या, मुलं येत होती, आणि माझा मोर कोंबड्यासारखा दिसतो हे कुणाला माहीत नव्हतं. मी रमलो. सरांकडे जायचं मनात यायचं आणि मी पुढे ढकलायचो.

गेलो ते थेट नव्वदीच्या शेवटी. कुणीतरी सांगितलं की निवृत्तीनंतर सर काही वर्षं फळा घेऊन गल्ल्यांतून फिरत होते, पण आता आवाज बसला, फिरणं बंद झालं. बुवापाड्यातलं तेच घर. बाहेर भिंतीला सायकल टेकवलेली, तिच्या कॅरियरवर आता जीन्सचं गाठोडं. आत बुद्धाच्या तसबिरीखाली सर खाली बसले होते, मांडीवर पँट, हातात कात्री. समोर ढीग. धागे त्यांच्या पांढऱ्या केसांतही अडकले होते. मी जय भीम म्हणालो. त्यांनी मान वर केली.

"रंगारी," ते म्हणाले. आवाज म्हणजे नुसती हवा होती.

काम सरांच्या सुनेचं होतं. संगीता आता दिलीपशेठचं काम घरोघर वाटायची, दर सकाळी येऊन गाठोडं टाकायची, सरांच्या पाया पडायची आणि संध्याकाळपर्यंत होईल ना, विचारायची. तिने दहावी केली का, असं मी विचारलं नाही. आतल्या खोलीत सरांची नात अभ्यास करत होती. यंदा दहावी. अधूनमधून ती तिथूनच एखादं उत्तर ओरडून सांगायची आणि सर मान हलवायचे, जी तिला दिसत नव्हती.

सरांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. "मी जेवढं कापतो," ते म्हणाले, "तेवढं तिला कापावं लागत नाही." आणि पुन्हा कात्री चालवू लागले. त्यांचे हात माझ्यासमोर होते. दहाही नखं निळी.

मला काही सुचेना. सुचेना तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं, हे मला वयाच्या त्या टप्प्यावर तरी कळायला हरकत नव्हती. मी म्हणालो, "सर, असं करू. जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरवू. तुमचा मोठा सत्कार करू. कमान मी करतो, पाहुणाही मीच बघतो."

सर कापत राहिले. त्यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही. वहिनींना आलं. त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "ड्रॉइंगमास्तर, तुमी काही सुचवू नका. तुमी सुचवलं की कुणाची तरी शाळा सुटते, आन् आमच्यात शाळेत जाणारी आता ही एकच उरलीय."